टायफॉइडची लस टोचूनही कोंबड्यांची हगवण आणि मरतूक थांबत नसेल, तर काय तपासावे

तलंगांना, म्हणजे अंड्यावर येऊ घातलेल्या कोंबड्यांना, टायफॉइडची लस टोचून तीन आठवडे उलटतात आणि तरीही शेडमध्ये पिवळसर-हिरवी पातळ विष्ठा दिसत राहते, रोज एक-दोन पक्षी मरतात, अंड्यांचा आलेख चढण्याऐवजी आडवा पडतो. सांगली जिल्ह्यात विट्याच्या आसपासच्या लेअर शेडवर लसीकरणाचे आणि देखरेखीचे काम करताना ही तक्रार माझ्याकडे दर हंगामात येते. मालकाचा पहिला निष्कर्ष बहुधा ‘लसच खराब निघाली’ असा असतो. क्वचित तो खरा ठरतोही. पण माझ्या अनुभवात बहुतेक वेळा लस चांगली असते, ती पक्ष्याच्या अंगी लागलेली नसते. लस अंगी लागायची तर आतडे धड असावे लागते, आणि आतडे बिघडवणाऱ्या कितीतरी गोष्टी आपण नेमक्या लसीकरणाच्या आठवड्यातच करत असतो.

येथे मी मुख्यतः साल्मोनेला गॅलिनारम या जिवाणूमुळे होणाऱ्या कोंबड्यांच्या टायफॉइडबद्दल आणि त्यावरच्या ‘नाइन-आर’ या जिवंत, सौम्य केलेल्या लसीबद्दल लिहीत आहे. ई-कोलायवरची पाण्यातून किंवा फवाऱ्याने द्यायची जिवंत लस वापरणाऱ्यांनाही यातला बराचसा भाग लागू पडेल. तपासण्यांचा क्रम बिनखर्चाच्या गोष्टींपासून महागड्या गोष्टींकडे जाणारा आहे आणि तो कृपया मोडू नये. प्रयोगशाळेत नमुना पाठवून झाल्यावर खिडकीत रिकामी औषधाची पाकिटे सापडली, असे मी एकापेक्षा अधिक वेळा पाहिले आहे.

लक्षणे

पुढीलपैकी दोन-तीन गोष्टी एकत्र आणि सलग दिसत असतील तरच ही समस्या आहे असे समजावे: विष्ठा गंधकासारखी पिवळी किंवा हिरवट-पिवळी आणि पातळ होते, शेपटीखालची पिसे चिकटून राहतात, तुरा फिका पडून आक्रसतो, पक्षी पिसे फुलवून आणि डोळे मिटून कोपऱ्यात उभा राहतो, खाद्य कमी होते पण पाणी कमी होत नाही, आणि काल ठीक दिसलेला पक्षी सकाळी मेलेला आढळतो. तीन आठवड्यांच्या आतल्या पिल्लांत पांढरी, चुन्यासारखी विष्ठा गुदद्वाराला चिकटून सुकत असेल, तर तो याच जिवाणूचा भाऊबंद असलेल्या पुलोरमचा, म्हणजे पांढऱ्या हगवणीचा, संशय असतो आणि तेथे हा लेख न वाचता थेट पशुवैद्यकांना बोलवावे.

लस टोचल्यानंतर एक-दोन दिवस खाद्य थोडे कमी होणे, पक्षी मलूल वाटणे आणि टोचल्या जागी लहानशी गाठ येणे हा दोष नाही. शरीराने लसीची दखल घेतल्याचे ते चिन्ह असते. तिसऱ्या-चौथ्या दिवशीही मरगळ टिकली, तर मात्र लसीला सोडून दुसरे कारण शोधायला लागावे.

आधी विष्ठाच नीट पाहा

कोंबडीच्या आतड्याच्या शेवटी सिकम नावाच्या दोन आंधळ्या पिशव्या असतात. त्या दिवसातून काही वेळाच रिकाम्या होतात आणि तेव्हा पडणारी विष्ठा काकवीसारखी तपकिरी, चिकट आणि उग्र वासाची असते. साधारण आठ-दहा वेळांतून एकदा अशी विष्ठा पडणे हे निरोगी आतड्याचे लक्षण आहे, पण नवा मजूर तिलाच हगवण समजतो आणि मालक औषध सुरू करतो. नेहमीची चांगली विष्ठा घट्ट, वळलेली असते आणि तिच्यावर पांढरी टोपी असते. ती टोपी म्हणजे मूत्रपिंडातून आलेले युरिक आम्ल. एप्रिल-मेच्या उन्हात पक्षी भरमसाट पाणी पितो, तेव्हा या घट्ट भागाभोवती पाण्याचे वळे दिसते. तो उन्हाचा परिणाम आहे, आजाराचा नाही.

म्हणून पहाटे दिवे लागण्यापूर्वी पिंजऱ्यांखाली चार-पाच ठिकाणी जुनी वर्तमानपत्रे पसरावीत आणि तासाभराने पाहावीत. कागदावर रंग, फेस, न पचलेले मक्याचे कण, रक्ताचा धागा हे सारे स्वच्छ दिसते, जे विष्ठेच्या ढिगात कधीच दिसत नाही. न पचलेले दाणे दिसले तर आतड्याचे अस्तर सोलवटले आहे किंवा खाद्य फार वेगाने पुढे सरकते आहे. रक्त दिसले तर रक्ती हगवणीचा, म्हणजे आतड्यातल्या परजीवींमुळे होणाऱ्या आजाराचा, विचार आधी करावा.

तारखा आणि नोंदवही

दुसरी तपासणीही फुकटची आहे. लस कोणत्या वयात दिली, दुसरी मात्रा झाली का, आणि पहिला आजारी पक्षी कोणत्या दिवशी दिसला, हे तीन आकडे शेजारी-शेजारी लिहावेत. टोचल्यापासून संरक्षण उभे राहायला दोन ते तीन आठवडे लागतात; पाचव्या-सहाव्या दिवशी पक्षी मेला तर संसर्ग लसीच्या आधीच शेडमध्ये शिरलेला होता, एवढाच त्याचा अर्थ आहे. ही लस साधारणपणे सहा आठवड्यांच्या वयानंतर आणि पुन्हा अंड्यावर येण्यापूर्वी टोचली जाते. पहिली मात्रा देऊन दुसरी ‘पक्षी चांगले आहेत’ म्हणून टाळलेली मी अनेकदा पाहिली आहे, आणि मग मरतूक अंडी सुरू होण्याच्या ताणातच उफाळते. कळप आधीच आजारी असताना लस टोचणे हेही चूकच आहे, कारण सुई पक्ष्यागणिक बदलली जात नाही आणि रोग एका पक्ष्यातून दुसऱ्यात आपल्या हातानेच जातो.

औषधांचे डबे: माझ्या मते सर्वांत मोठा दोष येथे असतो

जिवंत लस म्हणजे जिवंत जिवाणू. तो पक्ष्याच्या शरीरात काही काळ जगला, थोडा वाढला, तरच शरीर त्याची ओळख पटवून घेते. टायफॉइडचा जंतू शरीराच्या भक्षक पेशींच्या आत लपून राहतो, त्यामुळे केवळ रक्तात प्रतिपिंडे असून भागत नाही. लपलेल्या जंतूला पेशीच्या आत मारणारी प्रतिकारशक्ती जागी व्हावी लागते, आणि ते काम मृत लसीपेक्षा जिवंत लस चांगले करते. अशा वेळी ‘लसीचा ताण येऊ नये’ म्हणून पाण्यातून प्रतिजैविक दिले, तर रोगाचा जंतू मरो न मरो, लसीचा जंतू हमखास मरतो.

एका शेडवर दोन्ही मात्रा वेळेवर झाल्या होत्या, बर्फाची पेटी होती, नोंदवही चोख होती, आणि तरीही मरतूक चालू होती. मी पाण्याच्या टाकीजवळ गेलो तर टाकीच्या झाकणाखाली चंदेरी रंगाची तीन फाडलेली पाकिटे खोचलेली होती. पाकिटावर मोठ्या अक्षरांत जीवनसत्त्वांची नावे होती आणि अगदी खाली, बारीक अक्षरांत, एन्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक. लसीच्या दिवसापासून पाच दिवस ते पाण्यातून गेले होते. मालकाला ते टॉनिक वाटत होते, आणि त्याचा त्यात काही दोष नव्हता. त्याला कुणी सांगितलेच नव्हते. म्हणून शेडवरचे प्रत्येक पाकीट, बाटली आणि खाद्याच्या गोणीवरची पट्टी उजेडात धरून वाचावी. लसीच्या आधी काही दिवस आणि नंतर किमान आठवडाभर प्रतिजैविक टाळावे. नेमके किती दिवस, ते लसीच्या माहितीपत्रकात दिलेले असते आणि तेच प्रमाण मानावे.

याचा दुसरा तोटा आतड्याला होतो. उबवणी यंत्रातून निघालेल्या पिल्लाला आई नसते, त्यामुळे आईच्या विष्ठेतून मिळणारे उपयुक्त जिवाणू त्याला मिळत नाहीत. रिकाम्या आतड्यात जो पहिला शिरेल तो ठाण मांडतो. फिनलंडमध्ये नुर्मी आणि रांताला यांनी १९७३ साली दाखवून दिले, की प्रौढ कोंबडीच्या आतड्यातले जिवाणू पिल्लांना पाजले तर साल्मोनेलाला तेथे जागाच मिळत नाही. हे जिवाणू अस्तराला चिकटून शत्रूची जागा अडवतात, आम्ले तयार करून त्याला हैराण करतात आणि भोवतालच्या प्रतिकारपेशींना सतत जागे ठेवतात. कोंबडीला आपल्यासारख्या लसिका गाठी नसतात. तिच्या संरक्षणाचा मोठा भाग आतड्याच्या भिंतीतच, सिकमच्या तोंडाशी असलेल्या टॉन्सिलमध्ये आणि गुदद्वारालगतच्या बर्सा या पिशवीत असतो. प्रतिजैविकाने आतड्यातली वस्ती उठवली की लसीचा आणि आतड्याचा असा दोन्हीकडून घात होतो. कोलिस्टिनची जुनी पाकिटे अजून कुणाच्या कपाटात असतील तर ती वापरू नयेत. अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत त्याच्या वापरावर केंद्र सरकारने २०१९ साली बंदी घातली आहे, कारण माणसाच्या उपचारातले ते शेवटच्या फळीचे औषध आहे.

पेटी, पिचकारी आणि सावली

लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहिली का, हे दुकानापासून शेडपर्यंतच्या प्रत्येक टप्प्यावर विचारावे. तालुक्याच्या गावाहून दुचाकीच्या डिकीत आलेली लस मी परत पाठवतो. तेलात बनवलेल्या मृत लसीच्या बाबतीत उलट चूक होते: ती थेट बर्फाला टेकते, गोठते, तिचे मिश्रण फुटते आणि मग बाटली कितीही हलवली तरी काही पक्ष्यांना नुसते तेल जाते.

पिचकारीची चूक अधिक सूक्ष्म आहे. काळजीपोटी लोक ती स्पिरिटने किंवा जंतुनाशकाने धुतात आणि त्यातच जिवंत लस भरतात; आत राहिलेला ओलावा लसीला मारतो. पिचकारी पाण्यात उकळून पूर्ण थंड करून घ्यावी, एवढे पुरे आहे. लस तिच्यासोबत आलेल्या द्रावणातच विरघळवावी, सावलीत आणि बर्फावर ठेवावी आणि एक ते दोन तासांत संपेल एवढीच एका वेळी तयार करावी. टोचून झाल्यावर मानेवरची पिसे ओली लागत असतील तर सुई आरपार गेली आणि लस बाहेर सांडली. प्रत्येक रांगेतले दहा पक्षी हातात घेऊन मान चाचपली तरी हे कळते.

पाणी

टोचायच्या लसीचा पाण्याशी काय संबंध, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. संबंध दोन बाजूंनी आहे. पहिली बाजू गंबोरोची, म्हणजे बर्सावर हल्ला करणाऱ्या विषाणूजन्य आजाराची. त्यावरची लस पाण्यातून जाते आणि पाण्यातले क्लोरिन तिला निकामी करते. गंबोरोची लस फसली की त्याचा विषाणू तीन ते सहा आठवड्यांच्या वयात बर्सा खाऊन टाकतो, आणि प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी जेथे घडतात तो कारखानाच मोडल्यावर पुढे टोचलेली कुठलीही लस पुरती अंगी लागत नाही. टायफॉइडची मरतूक १८व्या आठवड्यात दिसते, पण तिचे मूळ तिसऱ्या आठवड्यातल्या पाण्याच्या टाकीत असू शकते.

त्यामुळे पाण्यातून लस देताना क्लोरिन आदल्या दिवशी बंद करावे, दर लिटर पाण्यात अडीच ग्रॅम बिनसायीची दूध पावडर मिसळावी, पक्ष्यांना तास-दीड तास तहानलेले ठेवावे आणि दोन तासांत संपेल एवढेच पाणी द्यावे. निळा रंग असलेली स्थिरक गोळी मिळते. ती वापरली तर नंतर शंभर पक्ष्यांच्या चोची उघडून जीभ पाहावी. निदान नव्वदांच्या तरी जिभा निळ्या दिसल्या नाहीत तर त्या दिवशी लसीकरण झालेच नाही असे समजावे.

दुसरी बाजू अशी, की लसीसाठी बंद केलेले क्लोरिन पुन्हा सुरू करायचे लोक विसरून जातात. हे इतके साधे आहे की कुणी तपासतच नाही. एका शेडवर पाच आठवडे ब्लीचिंग पावडरची बादली कोरडी होती. निपलच्या पाइपचे शेवटचे झाकण काढून मी पांढरे फडके बोटाला गुंडाळून आत फिरवले, तर फडक्यावर बुळबुळीत करडा थर आला, कुजक्या वासाचा. त्या थरात ई-कोलाय सुखाने वाढतो आणि रोज प्रत्येक घोटाबरोबर आतड्यात उतरतो. दाह झालेले आतडे खाद्यातली प्रथिने दुरुस्तीत खर्च करते, आणि लसीला प्रतिसाद द्यायला लागणारा ऐवज कमी पडतो. पाइप आधी मोकळे सोडून, मग सफाईचे द्रावण भरून, पुन्हा भरपूर पाण्याने धुवावेत. ही सफाई पक्ष्यांचे पाणी बंद असतानाच करावी.

खाद्य, उंदीर आणि लाल कोळी

पावसाळ्यानंतर बाजारात येणारा ओला मका हा दुसरा छुपा शत्रू आहे. मक्यात ओलावा १४ टक्क्यांच्या वर असेल तर बुरशी धरते आणि तिचे अफ्लाटॉक्सिन यकृत, बर्सा आणि आतड्याचे अस्तर या तिघांनाही इजा करते. मका मुठीत घेऊन हुंगावा, दाणे फोडून आतला रंग पाहावा. शंका असेल तर ती गोणी बाजूला काढणे हे विषबंधक पावडर मिसळण्यापेक्षा स्वस्त पडते. उंदरांच्या लेंड्या खाद्याच्या खोलीत दिसत असतील, तर लस कितीही चांगली असो, जंतू रोज नव्याने येत राहणार. रात्री बॅटरी घेऊन पिंजऱ्याचे सांधे पाहावेत: रक्त पिऊन लाल झालेले बारीक कोळी तेथे पुंजक्याने बसतात आणि टायफॉइडचा जंतू एका तुकडीकडून पुढच्या तुकडीकडे पोहोचवतात. शेड रिकामे ठेवूनही रोग परत येतो, त्याचे कारण बरेचदा हेच असते.

विष्ठेची सूक्ष्मदर्शक तपासणी

येथून पुढे थोडा खर्च आणि दुसऱ्याची मदत लागते. ताजी विष्ठा स्वच्छ डबीत घेऊन तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावी आणि रक्ती हगवणीचे परजीवी व जंताची अंडी पाहायला सांगावे. तुसावर वाढवलेल्या तलंगांत ही तपासणी मी कधीच वगळत नाही. रक्ती हगवणीचे परजीवी अस्तर फाडतात, फाटल्या जागेतून रक्तरस झिरपतो आणि त्यावर क्लॉस्ट्रिडियम हा जिवाणू माजतो. मग आतडे उघडल्यावर आतून खरखरीत टॉवेलसारखे दिसते. टायफॉइडची लस या दोघांवर काहीही करत नाही, आणि ते तिचे अपयश नाही. जंत असतील तर पुढच्या लसीच्या आठवडा-दहा दिवस आधी जंतनाशक द्यावे.

येथे थांबा आणि पशुवैद्यकांना बोलवा

वरचे सारे तपासून, चुका दुरुस्त करूनही चार दिवसांत मरतूक उतरली नाही, किंवा हजार पक्ष्यांमागे दिवसाला पाचापेक्षा जास्त पक्षी मरू लागले, तर स्वतःच्या अंदाजाने औषध बदलत बसू नये. हा आकडा माझा कामचलाऊ आहे. रोज दुप्पट होणारी मरतूक असेल तर पाचाचीही वाट पाहू नये. १९६२ या क्रमांकावर फिरते पशुवैद्यकीय पथक बोलावता येते.

एका परिस्थितीत मात्र पक्ष्याला हातही लावू नये. एकाएकी मोठ्या संख्येने पक्षी मेले, डोके सुजले, तुरा निळा-जांभळा पडला, अंडी एकदम बंद झाली, तर बर्ड फ्लूची शंका धरावी. २००६ साली नवापूरला जे झाले ते आपल्या राज्यातल्या कुठल्याही पोल्ट्रीवाल्याने विसरू नये. अशा वेळी मेलेला पक्षी उघडू नये, विकू नये, ओढ्यात टाकू नये. शेड बंद करून पशुसंवर्धन खात्याला लगेच कळवावे.

शवविच्छेदन पशुवैद्यकांनीच करावे. टायफॉइडमध्ये यकृत सुजलेले असते आणि हवेत थोडा वेळ उघडे राहिल्यावर त्यावर तांब्यासारखी, हिरवट झाक येते; प्लीहाही मोठी होते. ई-कोलायमध्ये हृदयावर आणि यकृतावर पांढरट पापुद्रा असतो. बर्सा वयाच्या मानाने अगदीच लहान आढळली तर गंबोरो किंवा बुरशीच्या विषाकडे बोट जाते. परंतु केवळ डोळ्यांनी पाहून औषध ठरवू नये. जंतू वाढवून कोणते प्रतिजैविक लागू पडते याची चाचणी करून घ्यावी. पुण्याला औंध येथे पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे आणि शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. आमच्या भागातले नमुने पशुवैद्यकांच्या पत्रासह तेथे जातात.

नमुना म्हणून प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वीचे, नुकतेच मेलेले दोन-तीन पक्षी दुहेरी पिशवीत बांधून बर्फाच्या पेटीत पाठवावेत. ते गोठवू नयेत आणि रात्रभर उघड्यावर ठेवू नयेत, कारण मेल्यानंतर आतड्यातले इतर जिवाणू काही तासांत सगळीकडे पसरतात आणि अहवाल फसतो. सोबतच्या कागदावर पक्ष्यांचे वय, संख्या, रोजची मरतूक, खाद्य कुठून आणले, गेल्या महिन्यात दिलेले प्रत्येक औषध आणि लसीची तारीख व तुकडी क्रमांक लिहावा. लसीची तारीख विसरू नये. लस टोचलेल्या पक्ष्यांत काही काळ रक्ताची चाचणी रोग नसतानाही होकारार्थी येऊ शकते, आणि ती तारीख समोर असेल तरच प्रयोगशाळेला तो निकाल नीट वाचता येतो.